भाता कुणी ओढला?

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्याला रस्त्यात भेटणारा माणूस आधी विचारतो, कुठून आलात. मग विचारतो, कुठं चाललात. उत्तरं ऐकून तो एकदा सायकलवाल्याच्या पायांकडे बघतो, एकदा सायकलच्या बारीक टायरकडे, आणि मग त्याचा खरा प्रश्न येतो: "एकटेच?" याला "हो" म्हणताना सायकलवाल्याचा आवाज किंचित बदलतो. माझाही बदलतो. इंजिन नाही, तिकीट नाही. जे काही अंतर कापलं ते आपल्या पायांनी, आपल्या दमावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या एका अक्षरात एवढं सगळं ठासून भरलेलं असतं.

हल्ली मला त्या "हो"चा संशय येऊ लागलाय. सायकलवरच्या पराक्रमांच्या गोष्टी मी आवडीनं वाचतो, आणि कुठलीही गोष्ट जरा खरवडली की खालून दुसऱ्या कुणाचा तरी हात निघतो.

थॉमस स्टीव्हन्सचंच घ्या. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. एप्रिल १८८४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोचला. सायकल तेव्हाची, म्हणजे पुढचं चाक छातीपर्यंत येणारं, मागचं अगदीच चिमुकलं आणि टायर भरीव रबराचे. सामान म्हणजे मोजे, एक जादा शर्ट, पिस्तूल आणि एक रेनकोट. रात्री तोच रेनकोट तंबू व्हायचा आणि तोच अंथरूण. एकटेपणाचा याहून चांगला नमुना मिळायचा नाही. पण अमेरिकेतलाच बराच रस्ता त्यानं सायकल ढकलत, उचलत पार केला, अफगाणिस्तानातून त्याला परत फिरवलं गेलं, लांबचा वळसा घालून तो लाहोरला आला आणि तिथून कलकत्त्यापर्यंत सायकल चालवली. पुढे चीनमध्ये जमाव अंगावर आला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी आसरा दिला म्हणून वाचला. स्टीव्हन्सचं नाव राहिलं. त्या अधिकाऱ्यांची नावं शोधायला जावं लागतं.

स्टीव्हन्सची हाडं खिळखिळी करणारे ते भरीव टायर पुढे काही वर्षांतच गेले, ते एका गुरांच्या डॉक्टरमुळे. बेलफास्टचा जॉन बॉइड डनलॉप. पोराच्या तीनचाकी सायकलला फार हादरे बसतात म्हणून १८८७ मध्ये त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. मग कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं हीच युक्ती १८४५ मध्ये पेटंट करून ठेवली होती, म्हणजे पेडलवाली सायकल बाजारात यायच्याही आधी. बिचाऱ्याकडे टायर तयार होता, पण तो घालायला योग्य वाहन नव्हतं. डनलॉपचं पेटंट रद्द झालं, नाव मात्र टायरवर चिकटलं ते चिकटलंच.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९१३ च्या टूर द फ्रान्समधली, म्हणजे फ्रान्सभर टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या सायकल शर्यतीतली आहे. यूजीन क्रिस्तोफ ऐन भरात होता. त्या वर्षी तो जिंकेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पिरेनीज पर्वतातला तुर्माले घाट चढून तो उताराला लागला आणि सायकलचा फोर्क मोडला. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तोच भाग गेला, म्हणजे खेळ खलास. आज अशा वेळी मागून गाडी येते आणि मेकॅनिक नवी सायकल हातात देतो. तेव्हाचा नियम असा की सायकल बदलायची नाही, दुरुस्ती आपली आपण करायची आणि कुणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली आणि दहाएक किलोमीटर उतार पायी उतरून तो सेंत मारी द कांपां या गावात आला. वाटेत भेटलेल्या एका मुलीनं त्याला लोहाराकडे नेलं.

तरुणपणी तो कुलपं करायचं काम शिकलेला, त्यामुळे लोखंड त्याला परकं नव्हतं. लोहारानं तोंडी सांगायचं आणि यानं ठोकायचं. स्पर्धेचे पंच दाराशी पहारा देत उभे. लोहाराचा हात चुकूनही हातोड्याला लागता कामा नये! जवळजवळ तीन तास हे चाललं. आता तापलेलं लोखंड सांडशीत धरायला एक हात आणि ठोकायला दुसरा हात. भट्टी विझू नये म्हणून भाता ओढायचा कुणी? तिथं एक लहान पोरगा होता, त्यानं भाता ओढला. पंचांनी ते पाहिलं, टिपून घेतलं आणि क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोकला. पुढे तो तीन मिनिटांवर आला. चार तासांच्या आसपास वेळ आधीच बुडालेल्या माणसाला तीन मिनिटं!

नियमाप्रमाणे पंच चुकला नाही, हीच यातली खरी गंमत. वाट दाखवणाऱ्या मुलीला दंड नाही. लोहाराची भट्टी, त्याची ऐरण, त्याचा कोळसा, त्याचं लोखंड, आयुष्यभर कमावलेलं त्याचं ज्ञान, यातलं काहीच मदत म्हणून धरलं गेलं नाही. मोजली गेली ती फक्त हवा. क्रिस्तोफ त्या वर्षी सातवा आला. १९१९ मध्ये टूरची पहिली पिवळी जर्सी, म्हणजे आघाडीवर असणाऱ्यानं घालायची, त्याला मिळाली, तर त्याही वेळी जिंकायच्या बेतात असताना फोर्क मोडला. काही माणसांच्या पत्रिकेत शनि असतो, याच्या पत्रिकेत फोर्क होता.

त्या पंचाला हसणं सोपं आहे, पण आपण तरी कुठं फार पुढे आलोय? बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, माइक हॉलनं ट्रान्सकॉन्टिनेंटल नावाची शर्यत सुरू केली. पहिली शर्यत लंडनहून इस्तंबूलला गेली. युरोप आडवा कापायचा, रस्ता आपला आपण शोधायचा आणि बाहेरची मदत घ्यायची नाही. दुकानातून विकत घेतलेलं पाणी चालतं, कारण ते दुकान सगळ्यांसाठी उघडं असतं. मित्रानं रस्त्यावर आणून दिलेलं पाणी चालत नाही. शर्यत म्हणून हे पटण्यासारखं आहे, कुठंतरी रेघ मारावीच लागते. तरी मला त्या रेघेवर तो भाता ओढणारा पोरगा उभा दिसतो.

मार्क ब्यूमाँटनं या भानगडीतून सरळ मार्ग काढला. २००८ मध्ये आपलं सामान आपण वाहत त्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, १९४ दिवसांत. २०१७ मध्ये पुन्हा निघाला तो सोबत गाड्या आणि अख्खी टीम घेऊन, आणि ७९ व्या दिवशी परतला. पुष्कळ सायकलवाले दुसऱ्या फेरीबद्दल नाक मुरडतात. मला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण कोण कोण हात लावतंय ते सगळ्यांना दिसत होतं.

डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई १९६३ च्या जानेवारीत ऐन कडाक्याच्या थंडीत निघाली आणि युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत सायकलवर दिल्लीला आली. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं तेव्हाच भारतात जायचं तिनं ठरवलं होतं. सायकलला तीन गिअर होते, तेही निघण्याआधी काढून टाकले. नाजूक गोष्ट वाटेत बिघडणार, मग हवी कशाला? हा हिशेब मला फार आवडतो. त्याहून आवडते ती तिची दुसरी तयारी: वाटेवरच्या वकिलातींच्या पत्त्यावर तिनं जादा टायर आधीच पाठवून ठेवले होते. म्हणजे कुठल्या तरी कचेरीत, फायलींच्या कपाटामागे, एका कारकुनानं एका अनोळखी बाईचा टायर सांभाळून ठेवला असणार. रोज त्याला अडखळत, मनातल्या मनात शिव्या घालत का होईना!

हे सगळं वाचायला लागल्यापासून मी सायकलच्या दुकानात जास्त वेळ रेंगाळतो. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा चांगला कारागीर बघत बसण्यासारखा असतो. चाक स्टँडवर लावून तो बोटानं हळूच फिरवतो. रिम कुठं डावीकडे झुकते, कुठं उजवीकडे, ते अंगठ्याचं नख रिमजवळ धरून बघतो. नखाला रिम पुसटशी घासली की थांबतो, तिथल्या स्पोकला चावी लावतो आणि पाव आटा फिरवतो. तेवढाच. मग समोरच्या बाजूचा स्पोक तेवढाच सैल करतो. पुन्हा फिरवतो. मध्येच दोन-चार स्पोक तारेसारखे छेडून आवाज ऐकतो. सैल स्पोक बद्द वाजतो. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ती तार, हातानं सहज वाकते. पण छत्तीस तारा रिमला सगळीकडून सारख्या ओढून धरतात म्हणून त्यावर माझ्यासारखा माणूस सामानासकट बसू शकतो. बोलायचं असलं तर पेडल काढतानाची वेळ धरावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, फिरता फिरता ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. हे ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक घरीच जोर लावून पेडल आणखी घट्ट करून आणतं, आणि ते प्रकरण कारागिराच्या खास आवडीचं असतं.

गंमत म्हणजे मी पाहिलेले असे कारागीर स्वतः फार लांब जात नाहीत. आपण कुठल्या कुठल्या घाटांची नावं घ्यावीत, तर ते चेनकडे बघून म्हणतात, "चढावर गिअर उशिरा टाकता तुम्ही." पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्यालाही त्यांनी हेच ऐकवलं असतं.

ब्रेव्हेचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा प्रकार मला म्हणूनच शर्यतीपेक्षा जवळचा वाटतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, असे ठरलेले पल्ले आणि ठरलेला वेळ. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात की सगळे सारखे. या सगळ्याची आजी म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, १२०० किलोमीटरची. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली, तेव्हा शार्ल तेराँ तीन रात्री न झोपता ७१ तास २२ मिनिटांत जिंकला होता. आता ती दर चार वर्षांनी होते आणि जास्तीत जास्त ९० तास मिळतात. रस्त्याकडेच्या गावांत लोक घरापुढे टेबल मांडून रात्रभर कॉफी घेऊन बसतात. पैसे घेत नाहीत. घरी पोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा, एवढंच मागणारी घरंही आहेत. या मदतीला दंड नाही.

ब्रेव्हेत रस्त्याच्या कडेला तुम्ही नुसते पाणी प्यायला थांबला असाल, तरी मागून येणारा प्रत्येक जण विचारतो, "सगळं ठीक?" पहाटे तीनला, डोळे मिटत असताना, स्वतःचं काहीच ठीक नसताना विचारतो. "ठीक" म्हटलं तरी त्याचं समाधान होत नाही. वेग कमी करून तो तुमच्या मागच्या चाकाकडे निरखून बघतो, खात्री करून घेतो, आणि थोडं पुढे जाऊन स्वतः उतरतो व आपल्या टायरमध्ये अंगठा दाबून हवा तपासायला लागतो. मग तुम्ही त्याच्याजवळून जाताना विचारायचं, "सगळं ठीक?"