आधी नळ्या, मग नाव

दसऱ्याला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून शस्त्रपूजेसाठी एखादी विलायती दुनळी बाहेर निघते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'पर्डी' किंवा 'हॉलंड अँड हॉलंड' हे लंडनच्या बड्या कारखान्यांचं नाव वाचलं की घरात लाखांचे आकडे सुरू होतात. नाव शेवटी वाचावं.

बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, मग नळ्या सोडवा. नळ्यांखालच्या हुकात बोट अडकवून त्या टांगत्या धरा आणि टिचकी मारा. घंटेसारखा नाद घुमला तर उत्तम. 'खट्' करून आवाज मेला, तर पट्टीची झाळ सुटली आहे, आणि आत गंज असू शकतो.

आता नळ्यांच्या बुडाचे, चाचणीच्या वेळी मारलेले शिक्के. '१२' म्हणजे शिक्का पडला तेव्हा आतला व्यास किमान ०.७२९ इंच, पण ०.७४० हून कमी. मागच्या टोकापासून ९ इंचांवर आज ०.७४० भरला, तर गंज घासता घासता कुणीतरी पोलादच खाल्लंय. नळीची जाडी कुठेही २० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली नको. ती मापायला वेगळा गेज लागतो. डोळ्याला काही कळत नाही.

सगळ्यात फसवं म्हणजे चेंबर, नळीतली काडतूस बसायची जागा. जुन्या बंदुकीत ते बहुधा अडीच इंचाचं असतं आणि ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं आणि दाब वाढतो. नुसत्या काळ्या दारूचा शिक्का असलेल्या दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या) नळ्या तर भिंतीवरच शोभतात.

नळ्या परत बसवा. पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटून हलवा. टकटक झाली तर बिजागरी झिजली आहे. घासलेल्या लंडनच्या साइडलॉकपेक्षा (चाप-यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर) ठणठणीत बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक (यंत्रणा मधल्या पेटीत) आम्ही केव्हाही वरची मानतो. ठेवताना तोंड खाली. नाहीतर तेल दस्त्यात उतरून अक्रोडाचं लाकूड काळं, भुसभुशीत होतं.

लंडनच्या लिलावातला भाव इथे धरू नका. शंभर वर्षांपलीकडच्या पुरावस्तूंची निर्यात १९७२ च्या कायद्याने बंद आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर माणशी दोनच बंदुका, त्यामुळे परवाना असून जागा मोकळी असलेलं गिऱ्हाईक विरळाच.

१ आणि २ असे क्रमांक घालून एकत्र घडवलेल्या जोडीची किंमत मात्र दोन सुट्या बंदुकांहून जास्त येते. पट्टीवर सोन्यात '२' दिसला, तर वाटणीत '१' कुठल्या काकांकडे गेली ते आधी विचारा.