वर्कशॉपचा इनबॉक्स आवरताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं मशीनिंग वर्कशॉप आहे. शाफ्ट, बुश, फ्लँज, पंपाचे सुटे भाग असं जॉबवर्क. काकांनी ते सुरू केलं, आता मशीनकडचं दादा बघतो आणि ऑफिस माझ्याकडे असतं. ऑफिस म्हणजे मुख्यतः मेल. बडोद्यात ओळखीवर आणि फोनवर चालणारं काम पुष्कळ आहे, पण मोठ्या कंपनीचं काम हवं असेल तर सगळं लेखी लागतं. इन्क्वायरी मेलवर, ड्रॉइंग मेलवर, पीओ (खरेदीची ऑर्डर) मेलवर, आणि माल गेल्यावर डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) आली तर तीही मेलवरच.

मेल आयडी एकच, जीमेलचा, काकांनी काढलेला. त्याच आयडीवर बँक, विमा, जीएसटी, रेल्वेची तिकिटं, टूल विकणाऱ्यांचे कॅटलॉग, प्रदर्शनांची आमंत्रणं आणि कर्ज देऊ करणाऱ्यांची रोजची हजेरी. काका, दादा आणि मी, तिघांच्याही फोनवर तो उघडलेला. पसारा किती होता हे सांगण्यापेक्षा त्यापायी काय झालं ते सांगते.

एका पंपवाल्या गिऱ्हाइकाचा शाफ्ट आमच्याकडे चालू होता. त्यांनी ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली, त्यात एका स्टेपचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर केला होता. मेल दुपारी आला. काकांनी फोनवर उघडला, पण फाइल कॅडची, फोनवर दिसेना, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. मेल एकदा उघडला की त्याची ठळक अक्षरं जातात. मी संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसले तेव्हा तो 'वाचलेला' होता आणि त्याच्या डोक्यावर जाहिरातींची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या ड्रॉइंगप्रमाणे कापायला मशीनवर धातूचा बार चढला. त्यांच्या माणसाचा फोन भलत्याच कामासाठी आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, "बेन, नवुं ड्रॉइंग मोकल्युं छे, जोई लीधुं ने?" (नवं ड्रॉइंग पाठवलंय, बघितलंत ना?) तोवर मोजकेच नग कापले गेले होते. पण ४० चा ३८ करता येतो, ३८ चा ४० होत नाही. ते नग भंगारात गेले.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "तू काहीतरी चांगलं ॲप बघ. पैसे लागले तरी चालतील." तिथून हे सुरू झालं.

ॲप शोधताना पहिलं लक्षात आलं ते हे, की या जातीची ॲप फार काळ टिकतातच असं नाही. २०१३ मध्ये 'मेलबॉक्स' नावाचं एक आलं होतं. मेल एका बाजूला सरकवला की बाजूला पडतो, दुसऱ्या बाजूला सरकवला की सांगितलेल्या वेळी परत येतो, ही सवय लोकांना त्याने लावली. ते मिळवायला लोक रांगेत थांबत. महिन्याभरात ड्रॉपबॉक्सने ते विकत घेतलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बंद केलं. गुगलचं स्वतःचं 'इनबॉक्स' २०१४ मध्ये आलं. दादा ते वापरायचा, त्याला फार आवडायचं. तेही २०१९ च्या एप्रिलमध्ये गेलं. म्हणून मी पहिली अट हीच धरली की मेल गुगलकडेच राहिले पाहिजेत आणि ॲप उद्या बंद पडलं तरी आमचं काही अडता कामा नये.

दुसरी अट दादाने घातली. ॲप जोडताना गुगल एक परवानगीचं पान दाखवतं. त्यावर लिहिलेलं असतं की हे ॲप तुमचे सगळे मेल वाचू शकेल, लिहू शकेल, पाठवू शकेल आणि कायमचे काढून टाकू शकेल. दादाने तिथेच माझा हात थांबवला. "काढून टाकायची परवानगी त्यांना कशाला?" मी शोधून पाहिलं. बाहेरचं ॲप आयमॅप पद्धतीने (मेल ॲप जोडायची ही नेहमीची पद्धत) जीमेलला जोडायचं तर गुगल ही एकच, पूर्ण परवानगी देतं, तुकड्यांत देत नाही. दादाची शंका मला रास्त वाटते. आमच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग गोपनीयतेचा करार करून आलेली असतात, आणि फुकट म्हणून जी सेवा देतात त्यांचं पोट कशावर चालतं हे विचारलंच पाहिजे. 'अनरोल.मी' नावाची जाहिरातींचे मेल आवरून देणारी फुकट सेवा होती. २०१७ मध्ये बाहेर आलं की तिची मालक कंपनी लोकांच्या मेलमधल्या, उबेरची स्पर्धक असलेल्या 'लिफ्ट' (Lyft) या टॅक्सी कंपनीच्या पावत्यांची माहिती, नावं काढून, उबेरला विकत होती. हे वाचल्यावर फुकटाची ॲप आम्ही यादीतून काढली. वर्षाचे पैसे घेणारं आणि माहिती विकत नाही असं अटींमध्ये स्पष्ट लिहिणारं एक निवडलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मी सांगते आहे ते अशा बहुतेक ॲपना लागू पडतं. दिलेली परवानगी गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन केव्हाही काढून घेता येते, तेवढं ठाऊक असू द्या.

ॲप जोडल्यावर पहिल्या तासात फार बरं वाटलं. त्याने मेलचे तीन ढीग केले: माणसांचे मेल, सूचना आणि वार्तापत्रं. कॅटलॉग, प्रदर्शनं, कर्जवाले सगळे तिसऱ्या ढिगात. वरचा ढीग इतका छोटा की काकांनी विचारलं, "बाकीचे कुठे गेले गं?"

काकांचा प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी एका मोठ्या कंपनीच्या पीओची वाट बघत होते आणि वरच्या ढिगात तो येईना. तो 'सूचना'मध्ये सापडला, बँकेच्या व्यवहारांच्या आणि ओटीपीच्या मेलमध्ये. मोठ्या कंपन्यांचे पीओ आता माणूस पाठवत नाही. त्यांच्या सिस्टिममधून ते आपोआप सुटतात, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं की इथे उत्तर देऊ नका. ॲप असा पत्ता बघतं आणि हे यंत्राचं काम म्हणून खाली ढकलतं. पेमेंट ॲडव्हाइसचं, म्हणजे पैसे पाठवल्याच्या मेलचंही तेच.

त्याहून मोठी गोष्ट नव्या माणसांची. ॲपमध्ये एक दारवान आहे. ज्या पत्त्यावरून पूर्वी कधी मेल आला नाही, त्याचा पहिला मेल तो बाहेर थांबवतो आणि विचारतो, याला आत घ्यायचं का? ही कल्पना २०२० मध्ये 'हे' नावाच्या मेल सेवेने गाजवली आणि मग इतरांनीही घेतली. जो माणूस ठरावीक लोकांशी लिहितो-बोलतो त्याला याने खरंच शांतता मिळत असेल. आमचं उलट आहे. नवी इन्क्वायरी अनोळखी माणसाकडूनच येते. कुठल्या तरी कंपनीच्या पर्चेसमधला, नुकताच रुजू झालेला मुलगा, कुणाकडून तरी आमचं नाव ऐकून लिहितो. विषयाच्या ओळीत नुसतं 'अर्जंट' असतं, मजकूर दोन ओळींचा, खाली एक पीडीएफ. तो मेल दाराबाहेर दोन दिवस राहिला तर काम दुसऱ्या वर्कशॉपला गेलेलं असतं.

म्हणजे ॲपचा हिशोब असा की ओळखीचा माणूस महत्त्वाचा, अनोळखी आणि यंत्र बिनमहत्त्वाचे. आमचं पोट या दोघांवरच चालतं. हे ध्यानात आल्यावर मी ॲपला दोष देणं सोडलं आणि त्याच्याकडून काय घ्यायचं, काय नाही, हे ठरवायला बसले. छोटा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ॲप घेण्याआधी हाच विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

दारवान बंद केला. तीन ढीग ठेवले, पण पीओ आणि पेमेंटचे मेल पाठवणाऱ्या कंपन्यांचे पत्ते एकेक करून वरच्या ढिगात आणले. एकदा हलवलं की ॲप लक्षात ठेवतं. अनोळखी माणसांसाठी मात्र फिल्टर मी ॲपमध्ये केले नाहीत, थेट जीमेलमध्ये केले, म्हणजे ॲप गेलं तरी ते राहतील. विषयात किंवा मजकुरात इन्क्वायरी, आरएफक्यू (भाव मागणारी विनंती), ड्रॉइंग, रिव्हिजन, पीओ असा शब्द असेल तर त्या मेलला 'काम' हे लेबल लागतं, तो स्पॅममध्ये जात नाही आणि जाहिरातींच्या टॅबमध्येही पडत नाही. यातून टूलवाल्यांचे काही मेलही आत येतात, कारण 'इन्क्वायरी' हा शब्द त्यांचाही लाडका आहे. तेवढं मी चालवून घेते.

मग जाहिराती. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'अनसबस्क्राइब' दिसतं, ते आता खरंच काम करतं. २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम केला आहे की मोठ्या प्रमाणावर जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ती पाळावी. ओळखीच्या, खऱ्या कंपन्यांसाठी मी तेच वापरलं. पण कोण कुठला हे कळत नसेल तर मजकुरातल्या तशा लिंकवर बोट लावू नका. आपला पत्ता जिवंत आहे एवढंच त्यातून त्याला कळतं. असा मेल सरळ स्पॅम म्हणून नोंदवावा.

जागाही भरत आली होती. गुगलचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि काकांच्या फोनमधले वर्कशॉपचे फोटो त्यातच जात होते. जागा संपली की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही, आणि हे एखाद्या इन्क्वायरीच्या बाबतीत होणं मला परवडणारं नाही. शोधपट्टीत आकार सांगून दहा एमबीपेक्षा मोठे मेल बाहेर काढता येतात. तसे काढले, ड्रॉइंग गिऱ्हाइकाच्या नावाने हार्ड डिस्कवर ठेवली आणि मेल उडवले. टिकमार्क केल्यावर एका पानावरचे पन्नासच निवडले जातात. या शोधातले सगळे निवडा अशी ओळ वर येते, ती दाबावी लागते. उडवलेले मेल ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतात, तोवर चुकून गेलेलं परत आणता येतं.

आम्हाला खरा उपयोग झाला तो स्नूझचा, म्हणजे मेल ठरल्या वेळेपर्यंत बाजूला ठेवण्याच्या सोयीचा. क्वोटेशन देण्याआधी मटेरियलचा भाव मागवावा लागतो, हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारावं लागतं. त्या दोन दिवसांत इन्क्वायरी खाली सरकत जायची. आता मेल आला की भाव मागवायचा आणि परवा सकाळी दहाला परत ये म्हणून त्याला बाजूला लावायचा. तो ठरल्या वेळी वरती हजर होतो. क्वोटेशनची मुदत संपायच्या आदल्या दिवशीही मी तसंच करते, आणि त्या दिवशी फोन केला की निम्म्या वेळा गिऱ्हाईक म्हणतं, "हा बेन, तमारुं ज जोतो हतो." (तुमचंच बघत होतो.)

यात एक अडचण निघाली. ॲपमधला स्नूझ ॲपपुरताच असतो. काका फोनवर जुनं जीमेलच बघत, तिथे तो मेल जागच्या जागी दिसायचा आणि ते मला विचारायचे, "याचं उत्तर राहिलं का?" शेवटी स्नूझसुद्धा जीमेलचाच वापरायचा असं ठरवलं. २०१८ पासून तो तिथे आहेच. मग पैसे भरलेल्या ॲपचं काय राहिलं, असं दादाने विचारलं. तीन ढीग राहिले, आणि ते माझ्या रोजच्या कामात इतके उपयोगी आहेत की मी ते सोडणार नाही.

'वाचलेला' मेल म्हणजे झालेलं काम, हा घोळ मात्र कुठल्याच ॲपने सुटला नाही. तो आम्ही घरात बसून सोडवला. दांडिया बाजारच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर तिघं बसलो आणि लेबलं ठरवली: 'दादा', 'ऑफिस' आणि 'काका'. मेल कुणीही उघडला तरी तो ज्याचा आहे त्याचं लेबल लावायचं, आणि काम संपल्यावर ते लेबल त्यानेच काढायचं. ड्रॉइंगची रिव्हिजन असेल तर लेबलशिवाय दादाला फोनही करायचा, आणि जुन्या प्रिंटवर लाल पेनाने काट मारल्याशिवाय नवी प्रिंट मशीनवर लावायची नाही. काकांना लेबल लावणं जमेल का अशी मला शंका होती. ते सकाळी चहाबरोबर तेवढंच करतात, आणि माझ्याहून नीट करतात.

आता उरलं आहे ते बँक आणि जीएसटी या आयडीवरून हलवणं. जीएसटीचा मेल पत्ता पोर्टलवर ओटीपी टाकून बदलता येतो, तो मी बदलला. बँकेचा फॉर्म भरून ठेवला आहे, त्यावर काकांची सही व्हायची आहे. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवणाऱ्यांना मी एकच उत्तर देते, की मेलवरही पाठवा, काम त्याच्यावरूनच सुरू होईल.