आपण नेमके कुठल्या काउंटीत आहोत?

मे अखेरीस शिकागोहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाला मोटरहोमने निघालो, तेव्हा मुद्दाम इंटरस्टेट 90 हा मोठा हायवे सोडून यूएस 20 हा रस्ता धरला. डब्यूक, वॉटर्लू, फोर्ट डॉज, सू सिटी आणि पुढे नेब्रास्का. आयोवात हा रस्ता चौपदरी आहे. दोन्हीकडे वीतभर उगवलेला मका, मधूनच पवनचक्क्या. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांना शेतं बघायची हौस.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास सॅक सिटीजवळ पश्चिमेचं आभाळ काळंनिळं झालं. दिवसभर उकाडा होताच. "वळीव येणार," आई म्हणाल्या. तेवढ्यात हवामानाचे इशारे देणारा वेदर रेडिओ बोलला: आयडा काउंटीत टॉर्नेडो वॉर्निंग. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, इशारे तिच्याच नावाने येतात. आम्हाला गावं ठाऊक, एक्झिट ठाऊक, पण ही आयडा पुढे की मागे, ते चौघांपैकी एकालाही सांगता येईना! फोनच्या नकाशावर काउंटीच्या सीमा ठळक दिसत नाहीत. पेट्रोल पंपावरच्या बाईंनी सांगितलं, "पुढचीच. आणि ते इकडेच येतंय."

मग पंपाच्या दुकानातल्या कोल्ड रूममध्ये दहाबारा अनोळखी माणसं आणि आम्ही. आई शाल गुंडाळून दुधाच्या कॅनशेजारी. वावटळ आली नाही. सुपारीएवढ्या गारा मात्र पडल्या आणि छतावरच्या व्हेंटचं झाकण फुटून गादी भिजली. जाड चिकटपट्टी आणि प्लास्टिकचा कागद जवळ ठेवा, पुढचे तीन दिवस आमचं त्यावरच भागलं.

'वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा; 'वॉर्निंग' म्हणजे ते प्रत्यक्ष किंवा रडारवर दिसलंय, आता हला. गाडीत बसून राहू नका, पुलाखालीही थांबू नका. टॉर्नेडोच हवा असंही नाही: 10 ऑगस्ट 2020च्या डेरेचोत (लांबच लांब पट्ट्यात सरळ वाऱ्याचं वादळ) सीडर रॅपिड्सकडे नुसत्या सरळ वाऱ्याचा वेग ताशी 140 मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. आपली गाडी म्हणजे अकरा फुटी पत्र्याची भिंत.

त्यानंतर आम्ही तीनलाच मुक्काम गाठायचो. छोट्या गावांच्या पार्कात किंवा फेअरग्राउंडवर (जत्रेच्या मैदानावर) विजेची जोडणी बऱ्याचदा स्वस्तात मिळते. पोचल्या पोचल्या दोनच प्रश्न: काउंटी कुठली आणि आसरा कुठे? बरेचदा सिमेंटची न्हाणीघरंच आसऱ्याची जागा असतात. उत्तर फ्रिजवर चिकटवायचं. वेदर रेडिओ सेलवर चालणारा घ्या, नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये (वाळूच्या टेकड्यांच्या भागात) फोनची रेंज मधेमधे गायब होते. आणि जीपीएसने कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट दाखवला तर ऐकू नका. पावसात तिथे निव्वळ चिखल होतो. पंपावर ई85 (भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) स्वस्त दिसेल, पण गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय भरू नका.

नेब्रास्कातल्या व्हॅलेंटाइन गावी आलात की चेरी काउंटी. ही एवढी पसरलेली, की पूर्वेकडे सेंट्रल टाइम आणि पश्चिमेकडे माउंटन, म्हणजे तासभर मागे. इशारा सात वाजता संपणार असेल, तर कुठले सात ते विचारून घ्या.