महिन्यातून एक डाव, तर खोके किती?

'अर्कम हॉरर: द कार्ड गेम' हा सगळ्यांनी एका बाजूने मिळून खेळायचा पत्त्यांचा खेळ. त्याची एक मोठी मोहीम, म्हणजे एक सलग गोष्ट, साधारण आठ सिनॅरिओंची, म्हणजे आठ भागांची असते. चार भिडू महिन्यातून एकदा जमतात आणि एका बैठकीत एक सिनॅरिओ उरकतात, असं धरा. म्हणजे एक मोहीम आठ महिने पुरली. २०१६ मध्ये मूळ संच आला, तेव्हापासून 'डनिच लेगसी'पासून 'द ड्राउन्ड सिटी'पर्यंत अशा दहा मोहिमा निघाल्या. दहा आठे ऐंशी महिने, म्हणजे साडेसहा वर्षांच्या वर. एवढी बेगमी एका दमात घरात आणून ठेवायचं काहीच कारण नाही. तरी नवा गडी पहिला सिनॅरिओ पुरता खेळून व्हायच्या आत तिसरा खोका मागवून मोकळा होतो.

हे का होतं ते समजायला अर्कमसारख्या खेळांची घडण पाहावी लागते. अमेरिकेतल्या फॅन्टसी फ्लाइट गेम्स या कंपनीने २००८ पासून 'लिव्हिंग कार्ड गेम' नावाची पद्धत रुळवली. पोकेमॉन किंवा मॅजिक या पत्त्यांच्या खेळांच्या पाकिटात काय निघेल ते नशिबावर असतं. इथे तसं नाही. पाकिटातला पत्ता न् पत्ता आधीच जाहीर असतो आणि सगळ्यांना तोच मिळतो. त्यामुळे जुगार संपला, पण 'सगळं आपल्याकडे असलंच पाहिजे' ही खाज सुरू झाली. यादी ठरलेली असली की यादीतली रिकामी घरं डोळ्यांना टोचतात.

स्पर्धेच्या खेळात या खाजेला निदान कारण असतं, कारण समोरच्याने नवे पत्ते घेतले तर तुम्ही मागे पडता. एकजुटीच्या खेळात सगळे भिडू एका बाजूला आणि खोका दुसऱ्या बाजूला. 'मार्व्हल चॅम्पियन्स' या अशाच खेळातला ऱ्हायनो हा खलनायक काही तुमच्या नकळत नवे पत्ते विकत घेत नाही. तो २०१९ मध्ये जेवढा दांडगा होता तेवढाच आजही आहे.

खरेदी करताना एक भेद डोक्यात पक्का ठेवला की अर्धं काम होतं. या खेळांत पत्ते दोन जातींचे. एक भिडूंचे, ज्यांतून आपण डेक, म्हणजे आपला खेळायचा गठ्ठा, बांधतो. दुसरे खेळाच्या बाजूचे, म्हणजे संकटं, शत्रू, ठिकाणं, गोष्ट. अधूनमधून खेळणारी मंडळी पहिल्या जातीचे पत्ते भरमसाट घेतात आणि कमी पडतात ते दुसऱ्या जातीचे. अर्कमच्या बहुतेक पात्रांचा डेक ३० पत्त्यांचा असतो, वर त्या पात्राचे स्वतःचे दोन-चार. एका नावाच्या दोनच प्रती चालतात. चार भिडूंचे मिळून सव्वाशे-दीडशे पत्ते एका वेळी टेबलावर. कपाटात हजार असले तरी खेळात एवढेच. त्या हजारांतून तीस निवडायला एक अख्खी रात्र लागते, आणि ज्याला ते निवडण्यातच मजा वाटते तो अधूनमधून खेळणारा राहिलेलाच नसतो. ते व्यसन वेगळं, त्याचा हिशेबही वेगळा.

अर्कमपासूनच सुरुवात करू. २०१६ च्या मूळ संचात भिडूंच्या पत्त्यांची एकेकच प्रत होती आणि तो एक-दोन जणांपुरताच होता. चौघांसाठी लोक दुसरा तोच संच घेत, आणि त्यातले संकटांचे पत्ते तसेच पडून राहत. २०२१ च्या सुधारित संचात दोन-दोन प्रती आल्या आणि एका खोक्यात चौघं बसू लागले. म्हणून कोणी जुना संच स्वस्तात देऊ केला, तर तो दोघांपुरताच स्वस्त आहे हे लक्षात ठेवा. चौघांसाठी तो महागात पडतो.

संचातली 'नाइट ऑफ द झेलट' ही मोहीम तीनच सिनॅरिओंची, आणि तिसरा चांगलाच अंगावर येतो. इथे हरल्यावर बरेच जण 'आपल्याकडे चांगले पत्ते नाहीत' असा निष्कर्ष काढून दुकान गाठतात. त्याआधी एक फुकटचा उपाय आहे. या खेळात फासे नाहीत, यश-अपयश ठरवायला पिशवीतून टोकन काढतात. पिशवीत कोणती टोकनं घालायची याच्या सोप्या, साधारण, कठीण आणि अतिकठीण अशा चार याद्या प्रत्येक मोहिमेच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. सोप्या यादीने तीच मोहीम पात्रं बदलून पुन्हा खेळा. सहा बैठका एका खोक्यात झाल्या.

पुढची खरेदी मोहिमेची. पूर्वी एक मोहीम तुकड्यातुकड्यांनी यायची. आधी सुमारे ३० डॉलरचा मोठा खोका, मग दर महिन्या-दोन महिन्यांनी ६० पत्त्यांचं एक पाकीट, अशी सहा पाकिटं, प्रत्येकी सुमारे १५ डॉलर. बेरीज १२० डॉलर. सिनॅरिओ आणि भिडूंचे पत्ते दोन्ही त्या पाकिटांत मिसळलेले, त्यामुळे गोष्ट पुरी करायची तर सातही घ्यायलाच लागत. मधलंच एखादं पाकीट बाजारातून संपलं की गोष्ट अर्धवट लटकायची. २०२१ च्या 'एज ऑफ द अर्थ'पासून रीत बदलली. सगळे सिनॅरिओ एका खोक्यात, तेव्हा सुमारे ७० डॉलर, आणि पात्रं व भिडूंचे पत्ते दुसऱ्या खोक्यात, सुमारे ४५ डॉलर. नंतर जुन्या मोहिमाही याच रीतीने पुन्हा छापल्या गेल्या. बेरीज पाहिली तर ११५, म्हणजे किंमत होती तिथेच. पण आता ४५ चा खोका न घेता नुसत्या ७० च्या खोक्यावर मोहीम पुरी खेळता येते, सोबत फक्त मूळ संच लागतो. दुकानात दोन्ही खोके शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि जोडीने घ्यायचे आहेत असं वाटतं. तसं मुळीच नाही.

मूळ संचातल्या पाच पात्रांचा कंटाळा आला, तर ४५ च्या खोक्याआधी २०२० मध्ये आलेली सुटी स्टार्टर पाकिटं बघा. पात्रांच्या पाच वर्गांची पाच पाकिटं, मूळ किंमत पंधरा-सोळा डॉलरच्या आसपास. प्रत्येकात एक पात्र, बांधून तयार डेक आणि मोहिमेत पुढे अदलाबदल करायला वरच्या पातळीचे पत्ते. नॅथॅनिएल चो हा मुष्टियोद्धा नवख्याच्या हातात देण्याजोगा, त्याचं काम सरळ हाणामारीचं. टपाल वाटणारी स्टेला क्लार्क जरा गमतीची, कारण अपयशातूनच तिचा फायदा होतो. अशी दोन पाकिटं एका टेबलाला दोन मोहिमा पुरतात.

'रिटर्न टू' नावाचे खोके मात्र जपून. नावावरून नवी मोहीम वाटते, पण त्यात जुन्या मोहिमेचे बदली पत्ते असतात, आणि मूळ मोहीम नसेल तर ते खेळता येत नाहीत. एकच मोहीम तिसऱ्यांदा खेळायची इच्छा झाली तरच घ्या. एका रात्रीचे सुटे सिनॅरिओही निघाले तेव्हा वीसेक डॉलरला पडायचे. मोहिमेच्या ७० डॉलरच्या खोक्यात तीच रात्र नऊ डॉलरच्या आत बसायची.

मार्व्हल चॅम्पियन्सचं गणित वेगळं. इथे गोष्ट बेताची आणि डाव तासा-दीड तासाचा, त्यामुळे तोच खलनायक पुन्हापुन्हा खेळला जातो. मूळ संचात पाच नायक, तीन खलनायक (ऱ्हायनो, क्लॉ, अल्ट्रॉन) आणि संकटांचे पाच सुटे जोडसंच. पुस्तिकेत प्रत्येक खलनायकासोबत एक जोडसंच सुचवलेला असतो आणि बरेच लोक तेवढ्यावरच थांबतात. जोडसंच कुठलाही कुठल्याही खलनायकाला लावता येतो. तीन पाचे पंधरा जोड्या, आणि त्या साध्या व कठीण अशा दोन्ही पातळ्यांवर धरल्या तर तीस. भिडू वाढले म्हणून काही विकत आणायला नको, कारण ऱ्हायनोचं बळ पहिल्या टप्प्यात दर भिडूमागे १४ आहे. चौघं बसले की ते आपोआप ५६ होतं.

मोह पाडतात ती ६० पत्त्यांची नायकांची पाकिटं. निघाली तेव्हा किंमत १५ डॉलर होती, आता वाढली आहे. आवडीचा नायक दिसला की हात जातोच. पाकीट उघडून लगेच खेळता येतं, डेक बांधलेला असतो, हा त्याचा खरा गुण. पण दहा नायक आणि तेच तीन खलनायक अशी अवस्था झाली की चौथ्या महिन्यात खेळ बाजूला पडतो, आणि दोष खेळाला दिला जातो. त्याऐवजी मोहिमेचा एक खोका घ्यावा. 'राइज ऑफ रेड स्कल' २०२० मध्ये सुमारे ४० डॉलरला आला. त्यात हॉकआय आणि स्पायडर-वुमन हे दोन नायक तयार डेकसह, आणि पाच नवे खलनायक. दोन नायक सुटे घेतले असते तर तीस डॉलर तिथेच गेले असते. म्हणजे पाच खलनायक दहा डॉलरला पडले. मूळ संचानंतर हीच पहिली खरेदी असावी, आणि नायकाचं पाकीट वाढदिवसाला भेट द्यायला ठेवावं.

एक अडचण मात्र खरी आहे. मूळ संचात आक्रमण, न्याय, नेतृत्व, संरक्षण अशा चार अ‍ॅस्पेक्टचे, म्हणजे खेळण्याच्या शैलींचे, पत्ते असतात, चार भिडूंना चार. दोघांना एकच अ‍ॅस्पेक्ट हवा झाला की पत्ते पुरत नाहीत. त्यासाठी दुसरा संच घेऊ नका. त्या अ‍ॅस्पेक्टचा डेक असलेलं नायकाचं एक पाकीट घेतलं की भागतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम' तिघांत थोरला, २०११ चा, आणि सगळ्यांत कडक. जुन्या संचातला तिसरा सिनॅरिओ, डोल गुल्डूर या किल्ल्यातून सुटकेचा, एकट्याने खेळणाऱ्याला रडवतो. सुरुवातीलाच एक नायक कैदेत जातो, म्हणजे तिघांच्या जागी दोघांनीच लढायचं. तिथे अडलेल्यांनी पाकिटांमागून पाकिटं घेतली. कंपनीचीच सोपी पद्धत वापरून बघा: संकटांच्या पत्त्यांतले सोनेरी कड असलेल्या चिन्हाचे पत्ते बाजूला काढा आणि प्रत्येक नायकाला सुरुवातीला एक संसाधन जास्त द्या. पैसा खर्च न होता डाव माणसात येतो. जुन्या संचाचं दुसरं दुखणं प्रतींचं. 'अनएक्स्पेक्टेड करेज' हा सगळ्यांना हवा असलेला पत्ता त्यात एकच होता. आता घेणाऱ्याने २०२२ चा चौघांचा सुधारित संच घ्यावा. डेक बांधायचा कंटाळा असेल तर एल्फ, बटू, गोंडोर आणि रोहन अशी चार तयार डेकची पाकिटं आहेत, त्यातलं एक पुरे.

स्लीव्हवर, म्हणजे पत्त्यांच्या प्लास्टिक कव्हरांवर, होणारा खर्च कोणी मोजत नाही. पत्त्याचं माप ६३.५ गुणिले ८८ मिलिमीटर. सगळ्या पत्त्यांना कव्हर घालायला गेलात तर दोन-तीन खोक्यांनंतर कव्हरांवरच एका मोहिमेएवढे पैसे जातात, आणि फुगलेले पत्ते मूळ खोक्यात मावेनासे झाले की नवा डबा आणावा लागतो. सारखे पिसले जातात ते भिडूंचे डेक, तेवढ्यांनाच घाला. दीडशे पुरतात. एका डेकची सगळी कव्हरं एकाच पाकिटातली हवीत, नाहीतर रंगातल्या फरकावरून पत्ता ओळखू येतो. मार्व्हलमध्ये एक गोची होते. नायकासोबत येणारा 'ऑब्लिगेशन' पत्ता भिडूच्या डेकमध्ये नाही, संकटांच्या गठ्ठ्यात पिसायचा असतो. नायकाच्या सगळ्या पत्त्यांना सरसकट कव्हर घातलं, तर उघड्या गठ्ठ्यात तो एकटाच चकाकतो आणि दोन पत्ते आधीच दिसतो. तो आणि नायकाच्या हाडवैऱ्याचे पत्ते उघडेच ठेवा.

भारतात बसून मागवणाऱ्याला वरच्या आकड्यांत पाठवणी आणि सीमाशुल्क धरावं लागतं. कोणी अमेरिकेहून येत असेल तर खोके सोडून आतला माल पिशव्यांत आणायला सांगा. जागा निम्म्याहून कमी लागते.

जुना माल घेताना विक्रेत्याकडून वरच्या झाकणाचा फोटो घेऊन उपयोग नाही. प्रत्येक पत्त्याच्या खालच्या कडेला संचाचं चिन्ह आणि क्रमांक असतो. पत्ते क्रमाने लावून फोटो मागा आणि अर्कमडीबी, मार्व्हलसीडीबी किंवा रिंग्सडीबी या फुकट साइटवरच्या याद्यांशी ताडून बघा. भिडूंचा एखादा पत्ता कमी असला तर चालून जातं, त्याजागी दुसरा घालता येतो. संकटांच्या बाजूचा, त्यातही ठिकाणाचा किंवा गोष्ट पुढे नेणारा पत्ता हरवला असेल, तर तो सिनॅरिओ मांडताच येत नाही. अर्कमच्या जुन्या मोहिमेत सहापैकी पाच पाकिटं 'जवळजवळ पूर्ण' म्हणून विकली जात असतील, तर आधी सहाव्याचा आजचा भाव विचारा. बरेचदा तेवढ्यात नव्या छपाईचा अख्खा खोका येतो.