कारण : प्रकृती अस्वास्थ्य

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. आमच्या केंद्राध्यक्षांच्या दैनंदिनीत माझ्याबद्दल एक ओळ आहे : 'मतदान अधिकारी क्र. २ या ११.०५ ते ११.२२ या वेळेत प्रकृती अस्वास्थ्यामुळे जागेवर नव्हत्या.' त्या सतरा मिनिटांत मी ठणठणीत होते. शाळेच्या खिचडीच्या कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसून दूध काढत होते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सप्टेंबरात १८० दिवसांची रजा संपली तेव्हा लेक सहा महिन्यांची झाली होती. शाळेत जमवलं होतं. सकाळी निघताना पाजायची, मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या कपाटाआड बसून दूध काढायचं, संध्याकाळी चपला काढायच्या आधी परत पाजायचं. आमच्या मुख्याध्यापिका बाई या बाबतीत भल्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कपाटाला पडदा लावून दिला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावर असलेल्या आईला दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यावा असं कलम आहे. ते आमच्या शाळांच्या गटात कुणी ऐकलेलंही नाही. आमच्याकडे कलम म्हणजे तो पडदा.

मग निवडणूक ड्युटीची ऑर्डर आली. मी अर्ज घेऊन तहसीलला गेले. सूट मागणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत. माझ्यापुढे तीन गुरुजी होते. एकाचा मणका, एकाचं बीपी, एकाची शुगर. प्रत्येकाकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट. (मणकावाल्यांना सूट मिळाली. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे महाबळेश्वरचे फोटो स्टेटसला होते. असो.) माझा नंबर आला. टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "आजार कोणता?"

"आजार नाही. बाळ अंगावर पितं. आठ महिन्यांचं आहे."

"मॅडम, दूध पाजणं हा काय आजार आहे का? सर्टिफिकेट असेल तर बोला. आणि सहा महिन्यांनंतर वरचं सुरू करतातच की."

वरचं सुरू होतं. नाचणीचं सत्त्व, वरण-भात, केळं. पण वरचं म्हणजे दुधाच्या जोडीला, दुधाच्या बदल्यात नव्हे. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही अंगावर पाजा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सगळं मला तिथे बोलता आलं नाही. मागून कुणीतरी "चला पुढे" म्हणालं आणि मी पुढे झाले. आजार नाही ही गोष्ट तर खरीच होती.

ज्यांनी हे केलं नाही त्यांना अंदाज येत नाही, म्हणून हिशेब सांगते. १९ तारखेला सकाळी सातला घर सोडायचं, साहित्य घेऊन केंद्रावर जायचं, २० ला मतदान, रात्री साहित्य जमा, घरी यायला २१ ची पहाट. जवळजवळ बेचाळीस तास. त्या तासांसाठी मी नऊ दिवस साठवण केली. रोज पहाटे चारला, लेक झोपेत एका बाजूला प्यायली की दुसऱ्या बाजूचं काढायचं. पहाटे दूध जास्त येतं. काढायचं हातानेच. पंप आहे माझ्याकडे, पण मला त्याच्यापेक्षा हात चालतो. अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे आत दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे आणायची. ओढायचं नाही, घासायचं नाही. पहिलं मिनिटभर नुसते थेंब येतात, मग पान्हा सुटतो आणि तीन-चार धारा एकदम भांड्यावर वाजतात. दवाखान्यातल्या सिस्टरनी बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं. बी.एड.ला शिकले त्यातलं इतकं उपयोगी मला दुसरं आठवत नाही.

बारा छोट्या बाटल्या झाल्या, प्रत्येकीत ऐंशी-नव्वद मिली. पट्टीवर तारीख लिहून बर्फाच्या कप्प्यात. पाजायचं बोंडल्याने, बाटलीचं बूच तोंडात द्यायचं नाही, हे सासूबाईंना तीनदा सांगितलं. त्यांनी तीन मुलं बोंडल्यावरच वाढवली होती, त्यामुळे मला काय सांगतेस असा चेहरा केला.

तरी एक चूक झाली, आणि ती माझी. आईच्या दुधातच लायपेज नावाचं विकर असतं. काही बायकांच्या दुधात ते जास्त असतं, आणि असं दूध साठवलं की ते चरबी फोडतं आणि साबणासारखा वास येतो. दूध नासलेलं नसतं. गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार केलं असतं तर तो वास आला नसता. हे मला नंतर कळलं. सासूबाईंनी पहिल्या तीन बाटल्या उघडल्या, वास घेतला आणि जास्वंदीला घातल्या. त्यांनी फोन केला तेव्हा मी साहित्यवाटपाच्या मांडवात व्हीव्हीपॅटचा, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राचा, नंबर यादीशी जुळवत होते. तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन पहाटा. मला मांडवातच रडू आलं.

त्या मांडवाशेजारी एका वर्गाच्या दारावर 'हिरकणी कक्ष' असा छापील कागद होता. दार ढकललं तर आत मोडके बाक, पाण्याचे जार आणि एका बाकावर पाय पसरून झोपलेले एक अधिकारी. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचं आम्हाला फार कौतुक. एसटी स्टँडपासून कचेरीपर्यंत तिच्या नावाचे कागद चिकटलेत. त्या रात्री गडाचा दरवाजा उघडला असता तर तिला कडा उतरावा लागला नसता, एवढं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

केंद्र घरापासून बत्तीस किलोमीटर. बायकांना केंद्रावर मुक्कामाची सक्ती नाही असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, पहाटे साडेपाचला, तेव्हा घरून कुठलं वाहन येणार? गावच्या अंगणवाडीताईंच्या घरी राहिले. रात्री दोनला जाग आली तेव्हा पांघरूण ओलं होतं.

मॉक पोल ही आमच्या कामातली मला आवडणारी गोष्ट आहे. उमेदवारांच्या एजंटांसमोर कमीत कमी पन्नास मतं टाकायची, कोणाला किती टाकली ते लिहून ठेवायचं, मग यंत्राची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. यंत्राचा निकाल, आपली नोंद आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, तिन्ही जुळायला हव्यात. मग चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील. सातला मतदान सुरू.

मी क्रमांक दोनची. म्हणजे १७-ए रजिस्टर (मत द्यायला आलेल्यांची नोंदवही), सही किंवा अंगठा, मतदाराची चिठ्ठी आणि शाई. शाई म्हैसूरहून येते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. बाटली कलंडू नये म्हणून वाळू भरलेल्या वाटीत रोवून ठेवायची. डाव्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ. शेतात काम करणाऱ्या बोटांवर ती धरत नाही, दोनदा ओढावी लागते. म्हाताऱ्या बायका आपलं बोट माझ्या हातात देतात आणि लिंबलोण उतरवल्यासारख्या डोळे मिटतात. नऊ वाजेपर्यंत माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आमसुलासारखी झाली होती.

दाराबाहेर व्हरांड्यात 'पाळणाघर' असा बोर्ड होता. दोन फुगे, एक सतरंजी आणि अंगणवाडीताई. मतदारांच्या मुलांसाठी, मतदान अधिकाऱ्यांच्या नव्हे. कल्पना चांगली आहे, माझी तक्रार नाही. अकराच्या सुमाराला बायकांच्या रांगेतल्या एकीचं तान्हं रडायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं असतं, मध्ये श्वास अडकतो. रजिस्टरात २६८ नंबर लिहीत होते आणि पान्हा फुटला. शरीराला काय कळतं ते मूल कुणाचं. पदराखाली रुमालाची घडी होती, ती भिजली, मग ब्लाऊज. गळ्यातलं ओळखपत्र मध्यावर ओढून घेतलं आणि उठले.

"सर, दहा मिनिटं."

आमचे केंद्राध्यक्ष सर कनिष्ठ महाविद्यालयातले, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांनी मान हलवली. एका एजंटने विचारलं, "मॅडम कुठं?" मी म्हटलं, "वॉशरूमला."

ताईंनी कोठी उघडून दिली. कडी मोडलेली होती, त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी हात साबणाने दोनदा धुतले. शाई काही ढिम्म हलली नाही. उजवा हात बाजूला ठेवून डाव्याने काढायला लागले. डाव्या हाताला सवय नाही, धार भलतीकडेच. तांदळाच्या पोत्यावर उडाली. शेवटी न राहवून उजवा लावला, तेव्हा कुठे नीट आलं. स्टीलचा डबा निम्म्याला आला, छाती हलकी झाली. झाकण लावताना पाहिलं तर डब्याच्या कडेला माझं काळं बोट उमटलेलं. सिल्व्हर नायट्रेट किती, दुधात गेलं की नुसतं कडेला लागलं, कोण सांगणार? डबा कडुलिंबाच्या मुळाशी ओतला. ताई म्हणाल्या, "अगं बाई." आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही.

परत आले तर रांग फाटकापर्यंत. तीन नंबरचे गुरुजी कंट्रोल युनिट आणि शाई दोन्ही सांभाळून घामाघूम. एजंटने लेखी हरकत दिली होती. त्याचं चुकलं नाही. एजंटाचं कामच ते, आणि दहाची सतरा मिनिटं झाली होती. हरकत आली की केंद्राध्यक्षांना दैनंदिनीत लिहावंच लागतं. सरांनी काय लिहिलं ते मी संध्याकाळी पाहिलं.

"सर, अस्वास्थ्य?"

"काहीतरी लिहावं लागतं, मॅडम." ते माझ्याकडे न बघता बोलले. चांगले आहेत हो सर. तीन वाजता मी दुसऱ्यांदा जाणार तेव्हा त्यांनी आपणहून शाई अर्ध्या तासासाठी गुरुजींकडे दिली, म्हणजे माझी बोटं जरा वाळतील. दुसऱ्या वेळी नऊ मिनिटांत आटोपलं. हरकत नाही, नोंद नाही.

सहाला रांगेत तेवीस जण होते. चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे आणायच्या, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. यंत्राचा आकडा ७४३, माझ्या रजिस्टरचा शेवटचा नंबर ७४३. हा आकडा जुळल्याचा आनंद दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल असं वाटत नाही. १७-सी हा मतांच्या हिशेबाचा फॉर्म भरला, एजंटांना प्रती दिल्या, सील, लाख, बस.

साहित्य जमा करायला पावणेबारा वाजले. साडेआठ तासांत दूध काढलं नव्हतं. उजवी बाजू दगड झाली होती, हात वर होत नव्हता, थंडी वाजत होती. काउंटरवरचे साहेब पाकिटं तपासता तपासता दैनंदिनी चाळत होते. त्या ओळीवर थांबले आणि माणुसकीने विचारलं, "मॅडम, आता बऱ्या आहात ना?"

अंगात ताप होता. मी म्हटलं, "हो सर, बरी आहे."

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. ताप १०१. लेकीला उठवून जवळ घेतलं, तर तिला धरताच येईना, इतकं ताठलेलं. गरम फडक्याने शेकलं, थोडं हाताने काढून मऊ केलं, तेव्हा तिने पकडलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाजणं थांबवू नका म्हणाले, दूध तुंबलं तर आणखी वाढेल. उजव्या बाजूचं दूध पहिल्यासारखं यायला दोन आठवडे गेले.

ती ओळ डोक्यातून जात नाही. अर्जाच्या वेळी तो आजार नव्हता म्हणून सूट नाही, आणि केंद्रावर त्याचाच आजार झाला. सरांवर मी महिनाभर चिडून होते. मग एकदा त्यांना फोन केला. 'दूध काढण्यासाठी' असं का नाही लिहिलंत? ते म्हणाले, "पस्तीस वर्षं ड्युटी करतोय, त्या रकान्यात असं लिहिलेलं पाहिलं नाही. वरून विचारणा झाली असती तर तुम्हालाच चार जणांसमोर सांगावं लागलं असतं." आणि थोडं थांबून, "आणि मॅडम, तुम्ही सुद्धा वॉशरूम म्हणाला होतात."

म्हणाले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आता पुन्हा निवडणुकीच्या ऑर्डरी आल्यात. आमच्याच शाळेत नव्याने आलेल्या बाईंचं बाळ सात महिन्यांचं आहे. कपाटाआडची जागा आता त्यांची. काल सुट्टीत अर्ज घेऊन आल्या. अनुभव आहे तुम्हाला, तुम्हीच लिहा म्हणाल्या. नाव, पद, शाळा लिहून झालं. 'कारण'पाशी मी थांबले. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, आजारी आहे असंच लिहायचं का? ओळखीचे डॉक्टर आहेत, सर्टिफिकेट देतील."

अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.