गाईडमध्ये भावार्थ असताना

"कवितेचा भावार्थ गाईडमध्ये असतोच, मग कॉलेजात तासाला शिकवता तरी काय?" पालक विचारतात, इतर विषयांचे प्राध्यापकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी कान तयार करायचा. भावार्थ सगळ्यात शेवटी.

मुंबईत तास बहुधा ४८ मिनिटांचा. सकाळी हजेरी आणि लोकल चुकलेल्यांची ये-जा यात आठेक मिनिटं जातात. उरलेल्या वेळात एकच अभंग घ्यावा, तोही अख्खा नको. तुकोबांची 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' एवढी ओळ फळ्यावर लिहून तिघा-चौघांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. कुणाचा न-ण चुकला तर मध्येच टोकू नये. वसई-पालघरकडून आलेलं मूल एकदा ओशाळलं की वर्षभर तोंड उघडत नाही.

मग बोटांवर अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. 'ध्यान'ची तीन अक्षरं करणारे हमखास निघतात. सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. आता 'ठेवोनिया'च्या जागी 'ठेवून' म्हणून बघायला सांगावं. एक अक्षर कमी पडतं, ओळ अडखळते. छंद कळतो तो इथे.

खरा वेळ द्यावा 'ध्यान'ला. वर्ग हसतोच, कारण 'काय ध्यान आहे!' हे आपण चेष्टेत म्हणतो. हसू द्यावं. मग विचारावं, 'उभा' का नाही, 'उभे' का? ध्यान नपुंसकलिंगी, म्हणून. म्हणजे या ओळीत विठ्ठलाचं नावच नाही, आहे ते फक्त डोळ्यांपुढचं रूप. आधी वीट, मग कमरेवरचे हात. हे मुलांना सापडायला हवं. आपण सांगितलं की ते वहीत जातं आणि तिथेच राहतं. म्हणून प्रश्न टाकून निदान अर्धं मिनिट गप्प राहावं. नव्या शिक्षकाला ती शांतता सोसत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. कवीच्या चरित्रापासून सुरुवात तर त्याहून वाईट: देहू, इंद्रायणी, बुडवलेल्या वह्या यातच तास सरतो.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीला. बदलू नये असा एक शब्द आणि का, एवढंच लिहायचं. सत्तर चिठ्ठ्या वाचायला तासाहून जास्त वेळ जातो. त्या वाचल्यावर ठरतं, पुढच्या तासाला याच साच्यात यंत्रयुग ओतणारे मर्ढेकर घ्यायचे, की आणखी एक अभंग.