चीजच्या वखारीतली बालशाळा

इटलीतल्या बोलोन्याहून तासाभराच्या आत रेज्जो एमिलिया हे शहर आलं. उतरले आणि जुन्या शहराकडे न जाता रुळांपलीकडे वळले. वीस वर्षं बालवाडी चालवली, पण लहान मुलांची शाळा बघायला इतक्या लांब पहिल्यांदाच आले होते.

समोर लोकातेल्ली कंपनीची जुनी वखार. गेल्या शतकातल्या विशीच्या दशकातली. पार्मिजानो चीज इथे मुरायला ठेवत. जात्याच्या तळीसारखं गोल, एकेक चाळीसेक किलोचं, मुरायला निदान बारा महिने. या भागात हे चीज तारण ठेवून बँक कर्ज देते, म्हणजे वखार कसली, तिजोरीच. तीच आता २००६पासून लोरिस मालागुझ्झी यांच्या नावाचं केंद्र आहे. आत बालशाळा, प्राथमिक शाळा, प्रदर्शनं, आणि नुसत्या उजेडाशी खेळायला एक अख्खी कार्यशाळा.

मालागुझ्झी शिक्षक होते, इथल्या बालशाळांची पद्धत घडवणारे. १९४५च्या वसंतात युद्ध संपलं आणि सहाच दिवसांत त्यांच्या कानावर आलं की व्हिल्ला चेल्ला खेड्यातली माणसं स्वतः बालशाळा बांधतायत. सायकल काढून ते तिथे गेले. बायका पडक्या घरांच्या विटा घासून साफ करत होत्या. पैसा उभा राहिला तो जर्मन सैन्य टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून. शहराची पहिली नगरपालिका बालशाळा मात्र १९६३ची. मधली अठरा वर्षं लोकांनीच रेटली.

त्याच १९४५ साली आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात गेली. आमच्याकडे माणसं कमी नव्हती. जागा मिळाली नाही. माझी बालवाडी देवळाच्या ओवरीत भरायची. उत्सव आला की फळा, खेळणी, मुलं सगळं बाहेर. उरलेसुरले कोपरे मुलांना द्यायचे, याचा मला अजून राग येतो. इथे अख्खी वखार मोकळी झाली आणि नगरपालिकेने ती मुलांसाठी राखली.

उजेडाच्या खोलीत एक चिमुरडी रंगीत काच दिव्यापुढे धरून होती. भिंत हिरवी झाली की वडिलांकडे बघायची, पुन्हा काच फिरवायची. ते टेबल माझ्या गुडघ्याच्या जरासं वर. पर्समधली शिवणाची टेप काढली, उंची मोजली आणि वहीत लिहून घेतली.